सुपरचार्जरसाठी कॅम निवडताना ड्युरेशन शेवटी बघा

सुपरचार्जर (क्रँकवरून फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) बसवायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा, कोणता घालू? मग कॅटलॉग उघडला जातो आणि नजर थेट ड्युरेशन (व्हॉल्व्ह क्रँकचे किती अंश उघडा राहतो) आणि लिफ्टच्या (तो किती उचलला जातो) आकड्यांवर जाते. ही सुरुवातच उलट्या टोकाने होते. सुपरचार्ज्ड इंजिनात आधी दोन गोष्टी ठरवायच्या. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किती अंश एकत्र उघडे राहणार (हाच ओव्हरलॅप), आणि इनटेक व्हॉल्व्ह नेमका कुठे बंद होणार. हे दोन बिंदू पक्के झाले की ड्युरेशनला फारसा वाव उरतच नाही, ते आपोआप एका छोट्या पट्ट्यात येऊन बसतं.

ओव्हरलॅप: हवा कुठे जाते

साध्या, म्हणजे बूस्ट (ब्लोअरचा जादा दाब) नसलेल्या इंजिनात ओव्हरलॅप कामाचा असतो. बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टची लाट मागे कमी दाब सोडते आणि तो दाब ताजी हवा सिलिंडरमध्ये ओढतो. सुपरचार्जर लावल्यावर ओढायची गरजच राहत नाही, कारण हवा मागून ढकलली जात असते. इनटेकमध्ये आठ-दहा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब, एक्झॉस्टमध्ये फक्त पाइप आणि सायलेन्सरचा अडथळा, आणि मध्ये दोन्ही व्हॉल्व्ह उघडे. घराचं पुढचं-मागचं दार एकदम उघडल्यावर वारा जसा आरपार जातो, तसंच इथे होतं.

ही आरपार गेलेली हवा फुकटची नसते. ती दाबायला ब्लोअरने क्रँकवरून ताकद घेतलेली असते. पोर्ट इंजेक्शन असेल तर तिच्यासोबत पेट्रोलही जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल वाचतं, पण एक्झॉस्टमधल्या जादा ऑक्सिजनमुळे सेन्सर मिश्रण पातळ असल्याचं सांगतो आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) उगाचच इंधन वाढवत बसतो.

टर्बोमध्ये, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबणाऱ्या पंपामध्ये, गणित वेगळं आहे. तिथे टर्बाइनमुळे एक्झॉस्टमधला दाब बऱ्याचदा बूस्टच्याही वर जातो आणि ओव्हरलॅपमध्ये जळलेला वायू उलटा इनटेककडे सरकतो. त्यामुळे 'टर्बो आणि सुपरचार्जर' असं एकत्र लिहून विकला जाणारा कॅम दिसला तर दोनदा विचार करा.

मग ओव्हरलॅप पूर्ण काढून टाकायचा का? तसंही नाही. ९:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनात पिस्टन वर असताना उरलेली जागा स्वेप्ट व्हॉल्यूमच्या (पिस्टनच्या पूर्ण प्रवासातल्या आकारमानाच्या) एक-अष्टमांश असते, आणि त्या जागेत तापलेला जळका वायू अडकलेला असतो. थोड्या ओव्हरलॅपमध्ये बूस्ट तो झाडून काढतो आणि पुढच्या स्ट्रोकला नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) कमी होतं. प्रश्न फक्त 'थोडा' म्हणजे किती, एवढाच. त्याचं उत्तर ब्लोअर कोणत्या जातीचा आहे त्यावर आहे.

कारण वेळ. ६००० आरपीएमला ३० अंश क्रँक फिरायला ०.८३ मिलिसेकंद लागतात, २००० आरपीएमला २.५. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू, म्हणजे दोन रोटरचा, ब्लोअर दर फेऱ्याला ठरलेलं आकारमान ढकलतो, म्हणून २००० लाच जवळजवळ पूर्ण बूस्ट देतो. म्हणजे दाब पूर्ण आणि आरपार जायला वेळही तिप्पट. सेंट्रिफ्युगलचा, म्हणजे पंख्याने हवा फेकणाऱ्या ब्लोअरचा, बूस्ट साधारण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: ६५०० ला १० पीएसआय असेल तर ३२५० ला जेमतेम अडीच. जिथे बूस्ट आहे तिथे वेळ कमी, आणि जिथे वेळ आहे तिथे बूस्ट नाही. म्हणून सेंट्रिफ्युगलला थोडा जास्त ओव्हरलॅप चालतो, इतकंच नाही तर खालच्या आरपीएमला ते इंजिन जवळजवळ साधंच असल्यामुळे थोडा फायद्याचाही ठरतो.

हिशोब सोपा आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट ड्युरेशनची सरासरी काढा, त्यातून लोब सेपरेशन अँगलची (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधल्या कॅमच्या कोनाची) दुप्पट वजा करा, आलेला आकडा तोच ओव्हरलॅप. जाहिरातीतलं ड्युरेशन २८० आणि २८८, सेपरेशन ११४: सरासरी २८४, वजा २२८, ओव्हरलॅप ५६ अंश. त्याच कॅमचं ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिमी लिफ्टला मोजलेलं ड्युरेशन २२४ आणि २३२ असेल तर सरासरी २२८, वजा २२८, म्हणजे शून्य. तुलना करताना दोन्ही कॅमचे आकडे एकाच लिफ्टला मोजलेले घ्या. जाहिरातीतलं ड्युरेशन कुणी ०.००४ इंचाला मोजतं, कुणी ०.००६ ला, त्यामुळे ०.०५० इंचाचा आकडाच भरवशाचा.

कारखान्याने हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. जनरल मोटर्सचं ६.२ लिटरचं एलएस३ हे साधं इंजिन: ०.०५० इंचाला २०४ आणि २११ अंश, सेपरेशन ११७. त्याच आकाराचं, २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर१ मधलं सुपरचार्ज्ड एलएस९: २११ आणि २३०, सेपरेशन १२२.५. वरवर पाहता दुसरा कॅम बराच मोठा. पण ओव्हरलॅप काढा. एलएस३ चा उणे २६.५, एलएस९ चा उणे २४.५ (उणे म्हणजे ०.०५० इंचाला दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे नसतात). ड्युरेशन इनटेकला ७ आणि एक्झॉस्टला १९ अंशांनी वाढलं, तरी ओव्हरलॅप दोनच अंशांनी हलला. वाढलेलं सगळं ड्युरेशन रुंद सेपरेशनने एकमेकांपासून दूर नेऊन ठेवलंय.

रस्त्यावरच्या गाडीसाठी माझा अंदाज असा: रूट्स किंवा स्क्रू ब्लोअर असेल तर ०.०५० इंचाला ओव्हरलॅप उणे २० ते उणे ५ च्या आसपास ठेवा, सेपरेशन ११५ ते ११९ वर येईल. सेंट्रिफ्युगल असेल तर उणे १० ते अधिक ५ चालतं, सेपरेशन ११२ ते ११५. धडधडतं आयडलिंग कानाला गोड लागतं खरं, पण ते ओव्हरलॅपचंच गाणं आहे. शिवाय रूट्स आणि स्क्रू ब्लोअरचा बायपास व्हॉल्व्ह (गरज नसताना हवा परत मागे फिरवणारा) बहुतेक वेळा मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर उघडतो. ओव्हरलॅप वाढला की व्हॅक्यूम पडतो, बायपास अर्धवट उघडतो, आणि हायवेवर शांत चालतानाही ब्लोअर हवा घुसळून तापवत राहतो. मायलेज का पडलं याचं उत्तर मग कुणी कॅममध्ये शोधत नाही.

इनटेक कधी बंद होतो

इनटेक व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत खरं कॉम्प्रेशन सुरूच होत नाही. बंद होण्याचा बिंदू काढायला ड्युरेशनचा अर्धा भाग घ्या, त्यात इनटेक सेंटरलाइन (टीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आल्यानंतर, इनटेक लोबचं शिखर किती अंशांवर येतं) मिळवा, १८० वजा करा. २८० अंश आणि सेंटरलाइन ११२ असेल तर १४० अधिक ११२ वजा १८०, म्हणजे बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली गेल्यानंतर) ७२ अंश.

स्ट्रोक ९२ मिमी, कनेक्टिंग रॉड १५५ मिमी, स्टॅटिक कॉम्प्रेशन ९.५ असं इंजिन धरा. व्हॉल्व्ह ७२ अंशांवर बंद झाला तर पिस्टनचा ६६.५ मिमी प्रवास शिल्लक असतो आणि डायनॅमिक, म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाल्यावरचं खरं, कॉम्प्रेशन ७.१५ येतं. ६० अंशांवर बंद झाला तर ७४.२ मिमी शिल्लक, कॉम्प्रेशन ७.८६. आता ८ पीएसआय बूस्ट घाला. समुद्रसपाटीचा दाब १४.७ धरला तर गुणोत्तर १.५४. पहिल्या कॅमचं ढोबळ एकत्रित कॉम्प्रेशन ११, दुसऱ्याचं १२.१. यात हवेचं तापमान धरलेलं नाही, म्हणून या आकड्यांवर इग्निशन टायमिंग ठरवू नका. पण दोन कॅमची तुलना करायला एवढं पुरतं: बारा अंशांच्या फरकाने इंजिन नॉकिंगच्या कितपत जवळ सरकतं ते इथे उघड दिसतं.

रूट्स आणि स्क्रू ब्लोअरमध्ये इनटेक उशिरा बंद करण्याचा एक जादा फायदा आहे. ब्लोअर दर फेऱ्याला ठराविक हवा ढकलतोच. व्हॉल्व्ह उशिरा बंद झाला म्हणून ती कुठे जात नाही, मॅनिफोल्डमधला दाब वाढतो आणि पुढच्या सिलिंडरमध्ये जाते. दाबण्याचं थोडं काम पिस्टनकडून ब्लोअरकडे सरकतं, आणि ब्लोअरनंतर इंटरकूलर असल्यामुळे ती उष्णता काढून टाकता येते. हीच युक्ती टोकाला नेली की मिलर सायकल होते. माझदाने १९९३ च्या युनोस ८०० मध्ये २.३ लिटर व्ही६ ला लिशोम स्क्रू कॉम्प्रेसर लावून नेमकं हेच केलं होतं.

सेंट्रिफ्युगलला मात्र इथे हात आखडता घ्या. खाली बूस्ट नाही आणि त्यात इनटेकही उशिरा बंद, असं झालं की ३००० आरपीएमच्या खाली गाडीला पिकअपच राहत नाही. विशेषतः आधीच ८.५ सारखं कमी कॉम्प्रेशन ठेवलं असेल तर फारच.

एक्झॉस्टला किती जादा

जास्त हवा आत गेली म्हणजे जास्त वायू बाहेर काढायचा. आत जाताना त्याला ढकलायला ब्लोअर आहे, बाहेर जाताना कुणी नाही. म्हणून एक्झॉस्टचं ड्युरेशन इनटेकपेक्षा ८ ते १२ अंश जास्त ठेवण्याची रीत आहे. हेडचा एक्झॉस्ट पोर्ट इनटेकच्या ७० टक्क्यांहून कमी वाहत असेल, किंवा कारखान्याचाच मॅनिफोल्ड आणि बारीक पाइप राहणार असेल, तर त्याहून जास्त. चांगले हेडर (मोकळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) आणि मोठा पाइप असेल तर सहा अंशही पुरतात.

जादा ड्युरेशन उघडण्याच्या बाजूला जातं की बंद होण्याच्या, हे कॅम कार्डवर (कॅमसोबत येणाऱ्या मोजमापांच्या कागदावर) बघा. बंद होण्याच्या बाजूला गेलं तर तो ओव्हरलॅपच वाढला. उघडण्याच्या बाजूला फार गेलं तर पिस्टनला अजून ढकलू शकणारा दाब आधीच पाइपात सोडला जातो. बूस्टवर हा उरलेला दाब साध्या इंजिनापेक्षा जास्त असतो, म्हणून नुकसानही जास्त. ०.०५० इंचाला बीडीसीच्या आधी ५५ अंशांहून लवकर उघडणारा एक्झॉस्ट रस्त्याच्या गाडीत मला पटत नाही.

लिफ्टबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हेडचा फ्लो ज्या लिफ्टपर्यंत वाढतो तिथपर्यंत लिफ्ट घ्या, कारण ड्युरेशन न वाढवता हवा मिळवायचा तो चांगला मार्ग आहे. फक्त लोबची चढण फार तीव्र नको. जड स्प्रिंगसोबत ती लिफ्टर आणि रॉकर (लोबची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग) खाते.

स्प्रिंग: इथेच बहुतेकांचं गाडं अडतं

बूस्ट इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर दाबतो आणि त्याला सीटवरून उचलायला बघतो. ५१.३ मिमी व्यासाच्या व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ ३.२ चौरस इंच, म्हणजे १० पीएसआयला ३२ पौंड, साधारण साडेचौदा किलो. साध्या इंजिनात सीटवर १३० पौंड देणारी स्प्रिंग बूस्टवर ९८ पौंडांचीच उरते. म्हणून तेवढा सीट प्रेशर वर चढवून घ्यावा लागतो. चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये ३४ मिमीच्या व्हॉल्व्हवर हाच जोर साडेसहा किलोच्या आत राहतो, त्यामुळे तिथे प्रश्न इतका बिकट नसतो.

स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह बंद होताना सीटवर उडतो. वरच्या आरपीएमला ताकद अचानक सपाट होते, कधी इनटेकमध्ये फटका वाजतो, आणि लोक इग्निशन कॉइल बदलत बसतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पाठीवर बूस्ट नसतो, पण त्याला सिलिंडरमधल्या जादा दाबाविरुद्ध उघडायचं असतं. तो भार पुशरॉड, रॉकर आणि लोबवर येतो. पातळ पुशरॉड इथेच वाकतो, म्हणून पुशरॉड जाड भिंतीचे घ्या.

एवढ्या जड स्प्रिंगवर फ्लॅट टॅपेट कॅम (ज्यावर सपाट तळाचा लिफ्टर घासत चालतो) घालू नका. घालायचाच असेल तर ब्रेक-इनला (नवा कॅम पहिल्यांदा चालवताना) आतली स्प्रिंग काढून, झिंकयुक्त तेल घालून, २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान इंजिन चालवा, आयडलवर आणू नका. रोलर कॅमला हा सगळा खटाटोप लागत नाही.

पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटण्याआधी १.५ मिमी जागा हवी. रिटेनर (स्प्रिंग वरून धरणारी चकती) आणि व्हॉल्व्ह सीलमध्येही साधारण तेवढीच.

बसवताना

कॅमवरच्या खुणेवर खूण जुळवली म्हणजे कॅम बसला असं होत नाही. डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची तबकडी) क्रँकवर लावा, पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा अडसर) घाला, इंजिन हाताने दोन्ही बाजूंना स्टॉपला टेकेपर्यंत फिरवा. एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला ३२ वाचलं तर खरा टीडीसी दोन अंशांनी सरकलेला आहे. दोन्हीकडे ३० येईपर्यंत पॉइंटर हलवा. मग स्टॉप काढा आणि पहिल्या सिलिंडरच्या इनटेक लिफ्टरवर डायल गेज लावा. सर्वोच्च बिंदूला गेज शून्य करा. आता इंजिन चालण्याच्या दिशेने फिरवत, वर जाताना शिखराच्या ०.०५० इंच खाली किती अंश आहेत ते लिहा, आणि शिखर ओलांडून पुन्हा तेवढंच खाली आल्यावरचे अंश लिहा. ७४ आणि १५० आले तर सरासरी ११२, हीच सेंटरलाइन. नेमका बिंदू चुकून पुढे गेलात तर तेवढंच मागे फिरवू नका. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढच्या दिशेने या, नाहीतर चेनमधला ढिलेपणा वाचनात मिसळतो.

कॅम ॲडव्हान्स केला, म्हणजे पुढे आणला, की इनटेक लवकर बंद होतो आणि खालचा जोर वाढतो. पण इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. रिटार्ड, म्हणजे मागे, केला की एक्झॉस्ट जवळ येतो. टीडीसीच्या आधी १० अंशांवर एक्झॉस्ट आणि नंतर १० अंशांवर इनटेक सगळ्यात जवळ असतात. हलकी चेकिंग स्प्रिंग घालून तिथे मोजा: इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. हायड्रॉलिक लिफ्टर दबतो आणि खोटी जागा दाखवतो, म्हणून मोजण्यापुरता सॉलिड लिफ्टर वापरा.

दोन कॅमचं इंजिन असेल तर सेपरेशन तुमच्या हातात आहे. ॲडजस्टेबल कॅम पुलीने इनटेक ४ अंश उशिरा आणि एक्झॉस्ट ४ अंश लवकर केला की ओव्हरलॅप ८ अंशांनी घटतो. पुलीवरच्या रेषा कॅमच्या अंशांत आहेत की क्रँकच्या, हे आधी तपासा. कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. आणि ६-७ पीएसआयपर्यंतच जायचं असेल तर अशा इंजिनात कॅम बदलूच नका. ते पैसे इंटरकूलरवर घाला.

बूस्ट गेज खाली आलं तर

नवा कॅम, ब्लोअरची पुली तीच, आणि गेजवर १० ऐवजी ८.५. लगेच छोटी पुली मागवली जाते. थांबा. गेज हवा किती गेली ते सांगत नाही, हवा किती अडली ते सांगतो. हेड आणि कॅम मोकळे झाले की अडथळा कमी होतो आणि बूस्ट पडतो, ताकद मात्र वाढते. पण ओव्हरलॅपमधून हवा आरपार जात असेल तरीही बूस्ट पडतोच. फरक ओळखायला मास एअरफ्लो (आत जाणाऱ्या हवेचं वजन) आणि डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) टॉर्क एकत्र बघा. हवा वाढली आणि टॉर्कही वाढला तर कॅम काम करतोय. हवा वाढली, टॉर्क तिथेच, आणि सेन्सर पातळ मिश्रण दाखवतोय, तर ती हवा पाइपात चालली आहे.

इथे एक खरा धोका आहे. ईसीयू मॅनिफोल्डच्या दाबावरून इंधन मोजत असेल तर ८.५ पीएसआय बघून तो जुन्या नकाशाप्रमाणे कमी इंधन देईल, आणि सिलिंडरमध्ये हवा मात्र आधीपेक्षा जास्त असेल. पातळ मिश्रण, वर बूस्ट: पिस्टनचा काठ वितळायला एक पूर्ण खेच पुरते. कॅम बदलल्यावर व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सीचा (सिलिंडर हवेने किती भरतो याचा) तक्ता नव्याने करून घ्या. वाइडबँड सेन्सर (मिश्रण नेमकं मोजणारा) लावा, पहिल्या खेची अर्ध्या थ्रॉटलवर आणि ४००० च्या खालीच घ्या, इग्निशन तीन-चार अंश मागे ठेवून सुरू करा, आणि इंधनाचा आकडा स्थिर झाल्याशिवाय पुढचे ५०० आरपीएम उघडू नका.